अक्षराला वीस रुपये

मार्व्याहून मनोरीला बोट जेमतेम पाच मिनिटांत पोचते.
तेवढा वेळ मी पत्रा मांडीवर आडवा धरून बसलो,
प्रायमर मारलेला, कोरा.
शेजारी सुकटीची टोपली घेऊन एक बाई.
"कुणाची पाटी रे?"
म्हटलं, अजून कुणाचीच नाही.

इनास बोर्जिस, पोर्ट ट्रस्टच्या क्रेनवर तेहतीस वर्षं,
गंजिफ्रॉकवरच फाटकाशी आले.
मागे घर.
दारावर चुन्यात कोरलेलं साल, १८९६,
त्यातला नऊ उलटा.
"गवंड्याला वाचता येत नव्हतं," म्हणाले,
"पण भिंत बघ, अजून ओळंब्यात आहे."

खिडक्यांना काच नाही, शिंपल्या,
घासून घासून पातळ केलेल्या.
ऊन त्यांच्यातून ताकासारखं आत यायचं
आणि फरशीवर सांडून तिथंच राहायचं.

मी ब्रश धुतले, तोवर त्यांनी भिंत दाखवली.
गाठीच्या तापाच्या साली माझगावहून
होडीनं पळून आलेली अकरा माणसं या सोप्यात राहिली.
एकेकाच्या दिवसांच्या कोळशाच्या रेघा.
दहा रांगा चाळिसाला पोचलेल्या.
एक सतराव्या रेघेवर थांबते.
दर नाताळला चुना लागतो, तिला वळसा घालून.
"ती कोण, ते कुणाला माहीत नाही," म्हणाले.
"पण पुसायची कशी?"

विकायचं का, ते मी विचारलं नाही. आमच्या धंद्यात विचारत नाहीत.
त्यांनीच सांगितलं: सात-बाऱ्यावर एकोणीस नावं,
"घरापेक्षा कागदावरच गर्दी जास्त."

मग मजकूर.
जुने घर विकणे आहे.
नऊ अक्षरं, अक्षराला वीस, एकशे ऐंशी.
काना-मात्रा फुकट.

लाल रंगात 'विकणे' ओढताना एक गोष्ट लक्षात आली,
'वि'च्या जागी 'टि' बसवला
तर पाटी उलट बोलेल.
बोललो नाही.
मी पेंटर आहे, पाद्री नाही.

ते खुर्ची घेऊन मागे बसले होते.
"विहीर सोडून," अचानक म्हणाले.
"काय?"
"तेपण लिव. विहीर सोडून."
गावात लग्न असलं की आदल्या दिवशी बाया
बँड वाजवत उंबराचं पाणी न्यायला तिथंच येतात.
उद्या कुणी फाटकाला कुलूप घातलं तर
नवरी काय टँकरच्या पाण्यानं न्हाणार?
आणखी सहा अक्षरं. तीनशे झाले.
जागा उरली नव्हती,
'विहीर' दाटीवाटीनं कडेला बसवली,
'न' थोडा खाली उतरला.

मग त्यांना शिंपल्यांच्या खिडक्या आठवल्या.
मग पाठीमागची ताडाची दोन झाडं, ज्यांत एकावर
त्यांचा भाऊ सिल्वेस्तर चढला होता आणि उतरला नव्हता.
मग ती सतरा रेघांची रांग.
मी म्हटलं, इनासकाका, पत्रा तीन बाय दोनचा आहे.
ते हसले. बराच वेळ हसले,
मग चष्मा काढून गंजिफ्रॉकनं पुसला.

फाटकावर पाटी लावायला मी खिळे तोंडात धरले तसं म्हणाले,
"आज उलटी लाव."
"उलटी?"
"तोंड घराकडं कर.
रस्त्यावरच्यांना उद्या कळलं तरी चालेल.
आधी त्याला कळू दे."

तशीच लावली.
रस्त्याकडे नुसता पत्रा, पाठीला गंज.
आत ओला लाल रंग, त्यावर खाडीचा वारा
बारीक रेती आणून चिकटवत होता.
दुसऱ्या कुणाकडे असतं तर पुन्हा हात मारला असता.

पाचशेची नोट दिली, सुटे नकोत म्हणाले.

संध्याकाळच्या बोटीवर खलाशानं विचारलं,
बोर्जिसांचं कितीला जाणार?
म्हटलं, मला फक्त अक्षरं माहीत.
पंधरा.